टोमॅटो हळू ठेवणारं मशीन

टोमॅटो वरून पडला की त्याला किती लागतं, या काळजीनं माझी झोप उडाली होती. एकदा नवऱ्यानं कूस बदलता बदलता विचारलं, "ओवीचा ताप उतरलाय. सिलेंडर आलाय. आईच्या गुडघ्याचं औषध आणलंय. आता कशाची काळजी करतेस?"

मी म्हटलं, "टोमॅटोची."

तो उशी उचलून बाहेरच्या खोलीत गेला.

हे आत्ता आठवायचं कारण, परवा मैत्रिणी जमल्या होत्या आणि एकीनं विचारलं, "तू नक्की करतेस काय गं त्या कंपनीत?" सांगायला बसले आणि लक्षात आलं, काम सांगायला दोन वाक्यं पुरतात, पण किस्से आवरत नाहीत. आमच्या ओट्याखाली डब्यांची झाकणं साठलीत, तसे ते साठलेत. कुठलं कशाचं ते आठवत नाही आणि टाकवत तर मुळीच नाही.

तर ती दोन वाक्यं अशी. शिरोलीच्या एमआयडीसीत आमची शेड आहे आणि तिथं आम्ही फळं-भाज्या पिशवीत भरायची मशीनं बनवतो. माल पट्ट्यावरून वर जातो, छोट्या छोट्या पाट्यांत त्याचं वजन होतं, किलोचा मेळ बसला की त्या पाट्या उघडतात आणि माल खालच्या जाळीच्या पिशवीत पडतो.

कांद्या-बटाट्याला असं पडून काही होत नाही. टोमॅटोला होतं. शिवाय ते लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी दिसतं, जेव्हा माल गिऱ्हाइकाच्या हातात असतो. गडहिंग्लजच्या एका पॅकहाऊसनं आमच्याकडं टोमॅटोचं मशीन मागितलं आणि मालकांनी ते माझ्यावर सोपवलं. माझं स्वतःचं असं पहिलंच मशीन. अट अशी होती की त्यांनी तिथं चालवून बघायचं, पटलं तर ठेवायचं, नाहीतर आम्ही टेम्पोत घालून परत आणायचं.

मी मनाशी ठरवून टाकलं होतं, मशीन परत आलं तर आपणही घरी बसायचं. लेक लहान आहे. लोकांना सांगायला कारण तयारच आहे.

*

मालक म्हणजे अण्णा. माझी लेक ओवी दोन वर्षांची असताना मी त्यांच्याकडं मुलाखतीला गेले. इन्स्ट्रुमेंटेशनची डिग्री, थोडी नोकरी, मग बाळंतपण आणि मग नुसतं घर. सगळी सर्टिफिकेटं फाईलला लावून नेली होती. अण्णांनी फाईल उघडलीच नाही. तिच्यावर चहाचा कप ठेवला.

"मधली वर्षं काय केलासा?"

"घरीच होते. मुलगी लहान आहे."

"ते झालं. पण काय काय केलासा?"

मला वाटलं उलटतपासणी चाललीय. घाबरून खरं तेच सांगितलं. "तिला भरवायचं. ती सांडायची. ते पुसायचं. परत भरवायचं."

"चिडला न्हाईसा?"

"चिडले की. पण भरवलं."

अण्णांनी कप उचलला. फाईलवर गोल डाग पडला होता, तो त्यांनी रुमालानं पुसला, म्हणजे अजून पसरवला. म्हणाले, "उद्यापास्नं या. आमच्यात पण ह्येच हाय. फकस्त चिडायचं ते घरी जाऊन."

*

अण्णा जैन आहेत. कांदा, बटाटा, लसूण त्यांच्या घरात येत नाही, त्यांनी जन्मात चाखलेला नाही. आणि आमचं सगळ्यात जास्त खपणारं मशीन कांद्या-बटाट्याचं!

एकदा मुरगूडहून एक व्यापारी ते बघायला आले. मशीन मस्त चाललं, पिशव्या भराभर बाहेर पडल्या. पाहुणे खूश झाले. शेजारच्या गाड्यावरून त्यांनी सगळ्यांसाठी गरम कांदाभजी मागवली आणि पहिली प्लेट अण्णांच्या पुढं धरली.

"आम्ही खात न्हाय," अण्णा म्हणाले.

"उपास हाय काय?"

"न्हाय. कांदाच खात न्हाय."

पाहुण्यांचा हात तसाच राहिला. त्यांनी एकदा मशीनकडं बघितलं, एकदा अण्णांकडं बघितलं. "म्हंजे कांदा न खाणाऱ्या माणसानं कांद्याचं मशीन केलंय. मग विश्वास कसा ठेवायचा, सांगा बघू."

अण्णा शांतपणे म्हणाले, "पावणं, म्हणूनच ठेवायचा. पिशवीत एखादा कांदा कमी भरला, तर तो अण्णाच्या घरात गेला असं कोण म्हणंल काय?"

पाहुण्यांनी मशीन घेतलं. भजी आम्ही खाल्ली.

*

ट्रायल खऱ्या मालावरच घ्यायची, ही अण्णांची पद्धत. चेंडू नाहीत, गोटे नाहीत. ज्या भाजीचं मशीन, ती भाजी बाजारातून पोत्यांनी आणायची. मग मशीननं मारलेला, दबलेला माल आम्ही कामगार वाटून घरी नेतो. त्यामुळं आमच्या शेडमध्ये सध्या काय बनतंय हे आमच्या गल्लीला वासावरून कळतं.

सासूबाईंनी तर मंडईत जाणंच सोडून दिलं. सकाळी मला विचारायच्या, "आज कशाचं मशीन हाय? तसं पीठ मळून ठेवतो." ढोबळी मिरचीच्या वेळी त्यांनी आनंदानं सगळे प्रकार केले. काकडीच्या वेळी थोडी कुरकुर केली. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या अण्णांना म्हणावं, वांग्याचं एखादं घ्या की मनावर. बरेच दिवस झाले, भरलं वांगं खाल्लो न्हाय."

मग आला माझा टोमॅटो. ट्रायल लांबत गेली. घरात सार झालं, चटणी झाली, भात लाल झाला, ऑम्लेट लाल झालं. ओवीच्या बालवाडीतल्या बाई रोज सकाळी मला 'मागं बघू नका, बघितलं की पोरं आणखी रडतात' म्हणत दारातून घालवायच्या, त्यांनीही विचारलं, "हिला दुसरं काही आवडत नाही का?"

आणि एक दिवस सासूबाईंनी देवापुढं हात जोडले आणि आम्हा दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मनीषाचं मशीन पास हुईस्तोवर मी टोमॅटो सोडलो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "रडू नकोस. एवढा सोपा नवस आईनं आजवर कधी बोलला नव्हता."

*

आमचे फिटर सदा मिस्त्री. त्यांचा आवाज असा की लेथ चालू असताना ते कुजबुजले तरी बाहेर चहावाल्याला कळतं, कप किती पाठवायचे.

एक दिवस ते म्हणाले, "मॅडम, टोमॅटोला लागलेलं कळायला दुसरा दिवस उजाडतोय. अंडी सोडून बघू. लगीच निकाल."

कल्पना चांगली होती, पण शेड अण्णांची. सदा मिस्त्री स्वतःच परवानगी काढायला गेले. "खायला न्हाय अण्णा, टेस्टिंगला."

"टेस्टिंगात अंडं फुटलं तर?"

"फुटलं तर मशीन फेल."

"मशीनचं ऱ्हाऊ दे. म्हंजे माझ्या शेडात अंडं फुटणार."

विषय संपला. दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः एक भली मोठी पिशवी घेऊन आले. आत पाणीपुरीच्या पुऱ्या. "गोल हाय, नाजूक हाय, फुटली की आवाज येतोय. घ्या ट्रायल."

मी शिकलेली, त्यामुळं शंका मलाच आली. "अण्णा, हिला वजनच नाही. पट्ट्यावरून उडून जाईल."

"मग भरा की वजन," सदा मिस्त्री म्हणाले.

अण्णांनी आणलेल्या पुऱ्यांत बटाट्याचा लगदा भरवेना. शेवटी उकडलेली मटकी आणली. आणि मी, इन्स्ट्रुमेंटेशनची फर्स्ट क्लास इंजिनियर, दुपारभर काट्यावर एकेक पुरी ठेवून तिच्यात टोमॅटोच्या वजनाइतकी मटकी भरायला बघत बसले. टोमॅटोएवढी मटकी एका पुरीत मावत नाही, हे कळायला मला निम्मी पिशवी लागली.

मशीन चालू केलं. खाली जाऊन बघितलं तर सगळ्या पुऱ्यांचा चुरा. मटकी जाळीत अडकलेली, सेन्सरच्या डोळ्यात गेलेली, सदा मिस्त्रींच्या मिशीत बसलेली. साफ करता करता दिवस गेला. अण्णांनी पट्ट्यावर राहिलेली एक अख्खी पुरी उचलली, तोंडात टाकली, नीट चावली आणि म्हणाले, "मशीन नापास. मटकी पास."

पण त्या चुऱ्यातून मला एक गोष्ट मिळाली, हे मात्र मी छाती पुढं काढून सांगते. पुऱ्या पट्ट्यावर फुटल्या नव्हत्या, पाट्यांतही फुटल्या नव्हत्या. त्या पिशवीच्या तळाशी जाऊन फुटल्या होत्या. इतके दिवस मी पट्ट्याचा वेग कमी करत बसले होते. वरचं सगळं ठीकच होतं. खाली झेलणारं कुणी नव्हतं.

*

झेलायचं कसं, ते मला सुचलं ओवीला झोपवताना. मांडीवर झोपलेलं लेकरू गादीवर ठेवायचं असतं तेव्हा आपण काय करतो? वरून सोडत नाही. त्याच्या डोक्याखालचा हात त्याच्यासोबत गादीपर्यंत नेतो, टेकवतो, आणि मग हळूच हात काढून घेतो.

मी सकाळी जाऊन अण्णांना म्हटलं, पिशवीखाली एक तळहात पाहिजे. तो पिशवीचा तळ वर पाटीपर्यंत उचलून धरेल. टोमॅटो आला की अलगद त्याच्यावर टेकेल. पिशवी भरत जाईल तसा तळहात खाली येईल आणि शेवटी बाजूला होईल.

अण्णांना पटलं. सदा मिस्त्रींना पटेना. "कुठं बघितलासा असलं?"

"घरी. तुम्ही मुलांना झोपवत नाही का?"

"आमच्यात बायको झोपवत्या."

"मग एकदा करून बघा."

दुसऱ्या दिवशी सदा मिस्त्री उशिरा आले. डोळे लाल. कुणाशी बोलले नाहीत, सरळ माझ्या टेबलापाशी आले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर हाय. ठेवताना गडबड झाली की उठतंय. लई डाव उठलं. मग तुम्ही सांगितल्यागत केलो, तवा झोपलं."

"मग? तळहात बनवायचा ना?"

"बनवूया. पण एक सांगतो. हात काढायला घाई करायची न्हाय. तितंच सगळं बिघडतंय." आणि जाता जाता म्हणाले, "बायको विचारत्या, तुम्ही बरं हायसा न्हवं?"

तो तळहात काढून घ्यायचा वेग आम्ही दोघांनी मिळून ठरवला. ड्रॉइंगवर त्याचं काय नाव घालायचं ते मला ठाऊक आहे. पण शेडमध्ये त्याला सगळे तळहातच म्हणतात.

*

गडहिंग्लजला मशीन न्यायचा दिवस आला आणि नेमकं सासूबाईंच्या माहेरी, कोडोलीला, लग्न निघालं. नवरा कामासाठी पुण्यात. मग टेम्पोत पुढं ड्रायव्हर, सदा मिस्त्री, मी आणि माझ्या मांडीवर ओवी, आणि मागं दोरखंडानं बांधलेलं मशीन. निघताना अण्णा ओवीच्या हातात खडीसाखर देऊन म्हणाले, "आईकडं लक्ष ठेव."

पॅकहाऊस मल्लाप्पांचं. लिंगायत माणूस, व्यापार बापजाद्यांपासूनचा. पण खरा कारभार त्यांच्या आईचा. सगळे त्यांना अव्वा म्हणतात. भरणाऱ्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत, मल्लाप्पाही नाहीत.

टेम्पोतून उतरले तशी अव्वांनी माझा हात धरला. "बा यव्वा, ये, ये, आत ये," म्हणत थेट शेजारच्या घरात, स्वयंपाकघरात नेलं. हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. ओवीच्या हातात गूळ-सुक्यामेव्याचा करदंट दिला. मी चहा घेतला. पोहे खाल्ले. बाहेर मशीन उतरल्याचे आवाज येत होते. मग बराच वेळ कसलाच आवाज येईना. थोड्या वेळानं मल्लाप्पांचा वैतागलेला आवाज आला, "मिस्त्री, मशीन उतरून बसलंय. तुमचे इंजिनियर येणार कवा?"

"आलंत की."

"कुठं?"

"आत पोहे खायला लागल्यात."

"त्या तुमच्या मिसेस न्हवं?"

सदा मिस्त्रींचा आवाज मी सांगितलाच आहे. "न्हाय ओ मालक," ते जे म्हणाले ते बहुतेक चौकापर्यंत गेलं असेल.

मल्लाप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओशाळून उभे राहिले. "वहिनी... न्हवं, अक्का. चुकलंच आमचं."

"असू दे," मी म्हटलं. खरं सांगायचं तर इतका वेळ ओटीचा खण मांडीवर घेऊन बसल्यावर इंजिनियर कधी येणार याची मीसुद्धा वाट बघायला लागले होते.

*

परीक्षा अव्वांनी स्वतः घेतली. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बायका. एकाच बागेतला टोमॅटो, तसल्याच जाळीच्या पिशव्या. बायकांची म्होरकी शांता. तिनं भरता भरता सदा मिस्त्रींना विचारलं, "ह्येला चहा लागतोय काय?"

"न्हाय."

"तंबाखू?"

"न्हाय."

"मग आमच्यासंगं ह्येचं जमायचं कसं?"

बायका हसल्या. अव्वा हसल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी सगळ्या पिशव्या फोडून मशीनचा माल एका क्रेटमध्ये आणि हातानं भरलेला दुसऱ्या क्रेटमध्ये ओतायला लावला, हळूच. दोन्हींवर धोतराचं फडकं टाकलं, आणि मग आम्हा सगळ्यांना बाहेर घालवून एकट्यानं क्रेटांची जागा बदलली, का तशीच ठेवली, देव जाणे. "आता घरला चला. उद्या टोमॅटो बोलंल."

आम्ही मल्लाप्पांकडंच राहिलो. ओवी अव्वांच्या कुशीत झोपली. माझं मी काय सांगू.

सकाळी फडकी निघाली. अव्वा म्हणाल्या, "शांता, बघ. मऊ पडलेलं बाजूला काढ."

शांतानं पहिल्या क्रेटमध्ये हात घातला. दाबत गेली, फिरवत गेली. एखाददुसराच काढला. मग दुसऱ्या क्रेटकडं वळली आणि मऊ टोमॅटो निघायला लागले. एक निघाला, दुसरा निघाला, मग ढीगच झाला. प्रत्येक टोमॅटो ती माझ्यापुढं धरायची. "बघितलासा? ह्यो बघा. बोट आत जातंय. अक्का, मशीनला कळत न्हाय ओ, कुठं हळू धरायचं. माणसाच्या हाताची सर न्हाय." डोळ्यांपुढं टेम्पो दिसायला लागला, मागं दोरखंडानं बांधलेलं मशीन, आणि नंतर दुपारी घरी असलेली मी.

शांताचं सगळं काढून झालं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

अव्वा तिला म्हणाल्या, "ह्यो क्रेट तुम्हा बायकांचा."

शांतानं ढिगाकडं बघितलं, मशीनकडं बघितलं. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "काल मोबाईलवर भावाशी बोलत भरलो मी. त्येचंच झालंय." आणि हसली, आणि बाकीच्या सगळ्या सुटल्या.

अव्वा मशीनपाशी गेल्या. खाली वाकून त्या तळहातावर त्यांनी आपला हात ठेवला. "ऱ्हाऊ दे ह्येला," मल्लाप्पांना म्हणाल्या. "आणि बायका कमी करायच्या न्हाईत. हंगामात हात पुरतात कुठं तुला?"

मी अण्णांना फोन लावला. ते पलीकडून म्हणाले, "टेम्पो मोकळा यायलाय न्हवं?"

"हो."

"मग झालं." फोन ठेवला. शेडबाहेरचा चहावाला सांगतो, त्या दिवशी अण्णांनी शेडमधल्या सगळ्यांना पेढे वाटले आणि कशाचे ते कुणालाच सांगितलं नाही.

*

निघायची वेळ झाली. मी शांताला पुन्हा सगळं दाखवलं. हे लाल बटण कधी दाबायचं. पाण्याचा पाईप मशीनवर कधी मारायचा नाही. सेन्सरचा डोळा रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसायचा, खसाखसा नाही. तळहात अडखळला तर ओढायचा नाही, थांबायचं, तो आपसूक येतो. मग अव्वांना सांगितलं. मग मल्लाप्पांना.

"अक्का," मल्लाप्पा म्हणाले, "झालं सगळं सांगून. जावा आता निवांत. आम्ही हाय की."

मी ओवीचा हात धरून बाहेर आले. सदा मिस्त्री टेम्पोत बसून हॉर्न वाजवत होते. अंगण निम्मं ओलांडलं असेल, आतून मशीनचा बझर वाजायला लागला. पीं, पीं, पीं. जाळीचा रोल संपला की तो वाजतो. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. शांताला रोल बदलायला मीच शिकवलं होतं. तरीही माझे पाय थांबले आणि मी वळायला लागले.

ओवीनं माझा हात घट्ट ओढला आणि म्हणाली, "आई, मागं नको बघू. बघितलं की ते आणखी रडतं."